एकोणीस भोकं

डुलुथमध्ये जानेवारीतले सकाळचे आठ
म्हणजे अजून रात्रच.
सरोवरावरचं वारं गाडीचं दार उघडू देत नाही,
उघडलं तर लावू देत नाही.
पूल-तपासणीच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
आर्लीन किवेला बर्फाचे बूट काढून साधे घालते
आणि खोक्यावरची टेप नखानं सोलते.

आत कागद. पाच रिमा.
डाव्या कडेला एकोणीस चौकोनी भोकं,
आधीच पाडलेली.
अजून एक अक्षर उमटलेलं नाही अंगावर;
नाव ठेवायच्या आधीच कान टोचून आलेली
अडीच हजार बाळं.

एक रीम उचलून ती उजेडाकडे धरते.
भोकामागे भोक, त्यामागे भोक,
थेट पलीकडची खिडकी,
खिडकीत धक्क्यावरच्या दिव्याचा पिवळा तुकडा.
"सरळ आहेत," ती म्हणते.
सव्वीस वर्षांत हा शब्द तिनं
भोकांसाठी पहिल्यांदाच वापरला असावा.

आधी ते यंत्र होतं, करडं, लांब दांड्याचं.
एका वेळी वीस कागद. बावीस घातले की
दात-ओठ खाऊन बसायचं.
बारा प्रती, प्रत्येकी एकशेचाळीस पानं,
म्हणजे चौऱ्याऐंशी वेळा दांडा खाली,
तेही एकही घास चुकला नाही तर.
उजवा खांदा त्याच हिशेबात गेला.
डॉक्टरनं विचारलं, टेनिस खेळता का?

खांब क्रमांक सातची गोष्ट ती सांगत नाही,
ग्रँट ऑस्टबी सांगतो, दर नाताळच्या जेवणात.
भेगेची रुंदी, समासात हातानं लिहिलेली:
चौदा मिलिमीटर.
यंत्रानं त्यातला एक खाल्ला.
उरले चार.
चारावर कोणी पूल बंद करत नाही.

आर्लीनला ते बांधताना खटकलं.
तिनं यंत्राखालचा ट्रे फरशीवर उपडा केला
आणि भुवयांच्या चिमट्यानं
त्या पांढऱ्या भुश्यातून
निळ्या शाईचा एक
शोधत बसली. साडेसात वाजले.
सापडला तेव्हा बोटावर घेऊन उभी राहिली,
शिंक येईल म्हणून श्वास धरून.

"फोन करून विचारायचं की!" ग्रँट म्हणतो,
आणि टेबल हसतं.
"फोनवर माणूस आठवणीतून बोलतो,"
आर्लीन म्हणते, आणि बटाटे पुढे सरकवते.

सोनारानंच कान टोचावेत म्हणतात.
हा सोनार कुठे विस्कॉन्सिनमधल्या कारखान्यात,
त्याला खांब सात ठाऊक नाही,
पण त्याचा हात हलत नाही.
छापखान्यासारखी गरम पानं बाहेर येतात,
समास आपणहून अंग चोरून बसलेला,
काळी फणी उघडायची, पानं अडकवायची,
फणी मिटली की झालं.
अकरा मिनिटांत एक प्रत.
बाराव्या मिनिटाला काय करायचं
हे अजून तिच्या हातांना ठरवता आलेलं नाही.

नवी आलेली पान्या व्हांग ट्रेमध्ये कागद उलटा घालते.
एकशेचाळीस पानं,
भोकं उजवीकडे.
ती गठ्ठा छातीशी धरून दारात उभी,
कान लाल, कान टोचले जाण्याची वाट पाहत.

आर्लीन गठ्ठा घेते, चाळते.
"पाठकोरे आहेत. कच्च्या कामाला होतील."
मग मार्कर काढून ट्रेवर जाड बाण ओढते
आणि बाणापुढे एकोणीस टिंबं.
मोजून.

"आणि हे?" पान्या करड्या यंत्राकडे बोट दाखवते.
"भंगारवाला गुरुवारी येतो."

आर्लीन त्याचा ट्रे ओढून बघते.
कुठे मागच्या वर्षीचे दोन-तीन तुकडे, एकावर अर्धा स्वल्पविराम.
तिकडे त्या कारखान्यात डोंगर साचत असेल,
सगळा कोरा,
कुणाचा एकही आकडा नसलेला.

"राहू दे," ती म्हणते.
"बाहेरून नकाशे येतात अधूनमधून."
ट्रे आत ढकलते. अर्ध्यात अडकतो.
डाव्या खांद्यानं रेटते.